एन्क्वोचा बाजार

आवका शहरातल्या छापखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघं उभी होती. बाजार उरकून आलेली, कोनफळं विकणारी ओबियागेली आणि तिचे दीर, शाळेतले गणिताचे मास्तर.

“वहिनी, तुमच्या ओलान्माच्या लग्नाची तारीख सोळा नोव्हेंबर पक्की ना? चारशे पत्रिका आहेत.”

“सोळाला बाजार नाही ना, भाऊजी? एन्क्वो या बाजाराच्या वारी गावातल्या सगळ्या बायका बाजारात असतात. मग रांधायला आणि नाचायला कोण, तुम्ही?”

“हिशोब करूनच ठरवलंय. ऑक्टोबरात एन्क्वो तीन, सात, अकरा, पंधरा असा येत गेला आणि शेवटचा आज, एकतीसला. नोव्हेंबरातही तसाच, तीन, सात, अकरा, पंधरा. बाजार पंधराला, लग्न सोळाला.”

“परत तीनपासून का?”

“नवा महिना ना.”

“बाजाराला महिना कुठे कळतो? आज एन्क्वो. उद्यापासून आपले चार वार बोटांवर मोजा. एके, ओरिए, आफो, एन्क्वो. चौथं बोट कुठल्या तारखेला आलं?”

“चारला.”

“पुढे?”

“आठ. बारा.”

“थांबलात का?”

“सोळा.”

“मोठ्याने बोला. छापखानेवाल्याला ऐकू गेलं नाही.”

“सोळा, वहिनी. सोळालाच बाजार.”

“चाळीस वर्षं बसतेय त्या बाजारात. चारचं अंतर एकदाही चुकलेलं नाही.”

“याला अंकगणिती श्रेढी म्हणतात. मी शिकवतो ती.”

“शिकवा की. अहो छापखानेवाले, तारीख सतरा घाला. आणि मास्तरांचं नाव जरा बारीक अक्षरात.”