एकही सील फुटलेलं नाही!

...आणि वर आमची ही मलाच विचारते, "अहो, घरातल्या माणसांवर पाळत ठेवता का तुम्ही?" पाळत! आता तुम्हीच सांगा, कपाटाच्या दाराला शिवणाचा एक पांढरा दोरा चिकटवून ठेवला, तोही अगदी बारीक, कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही असा, तर त्याला पाळत म्हणतात का? फळीवर चिमूटभर पावडर भुरभुरली, कुणाची बोटं उमटतात ते बघायला, तर ती काय पाळत झाली? संशय नाही हो, आपलं सहज!

नाही, म्हणजे कपाटात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्ही हसताय. कपाटात आहेत माझ्या डीव्हीडी. कार्टूनपटांच्या. आमच्या हिच्या भाषेत 'ती पोरांची खोकी'. पोरांची! अहो, स्पेशल एडिशन आहेत त्या! एकेक पत्र्याचा डबा, वर उठावाचं चित्र, आत दोन तबकड्या, एकीत पिच्चर आणि दुसरीत तो कसा केला त्याची सगळी हकिकत, शिवाय चित्रकाराची पेन्सिलीची कच्ची चित्रं, जाडजूड पुस्तिका आणि डब्याच्या पाठीवर नंबर! पाच हजारांतली चारशे बारावी प्रत! अशा पन्नास आहेत माझ्याकडे. पन्नासच्या पन्नास सीलबंद. कंपनीनं गुंडाळलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अजून जसाच्या तसा, त्यावरचा चकाकता गोल स्टिकर जागच्या जागी. पोहता न येणाऱ्या पाणघोड्याचा आहे, दीपगृहात एकट्यानं राहणाऱ्या खेकड्याचा आहे, चंद्रावर किराणा दुकान टाकणाऱ्या खारीचा आहे...

कसे आहेत म्हणता? मला काय माहीत! मी कुठं पाहिलेत?

हसू नका. पाहायचे म्हणजे सील फोडायला लागतं आणि सील फुटलं की संपलं सगळं! तुम्हाला सांगतो, लहानपणी आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्यांच्या खिडकीबाहेर उभं राहून मी कार्टून बघायचो आणि ऐन रंगात आलं की शेजारच्या काकू पडदा ओढून घ्यायच्या. एकाही गोष्टीचा शेवट मला ठाऊक नाही. तेव्हा ठरवलं, मोठा झालो की ही सगळी खोकी माझी असतील आणि कुणाचा हात लागणार नाही. पडदा ओढायचाच असेल तर मी ओढीन!

तर मुद्दा असा, की आमच्या शहरात एक मंडळ आहे. 'सीलबंद संग्राहक मंडळ'. सभासद फक्त अकरा. नियम एकच, पन्नास स्पेशल एडिशन, एकही सील फुटलेलं नाही! अध्यक्ष स्वतः घरी येऊन तपासतात. कस्टममधून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. एकदा का त्यांनी 'हे फोडलेलं आहे' म्हटलं की गावभर नाव जातं, पुन्हा कुठला संग्राहक दारात उभं करत नाही. आणि मला काय वाटतं कळलं का? ऑफिसात मला कुणी विचारत नाही, घरात कुणी विचारत नाही, निदान त्या अकरा माणसांनी तरी म्हणावं की या, बसा!

त्यात आमच्या हिनं घातली अट. सासूबाई वर्षापूर्वी आमच्याकडे राहायला आल्या, झोपतात हॉलमध्ये, दिवाणावर. आणि माझं कपाट आहे मागच्या खोलीत. ही म्हणाली, "या वेळी मंडळात घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर ती खोकी माळ्यावर आणि खोली आईची." आता सांगा, माझी सीलं फुटण्यात फायदा कुणाचा? मी नाव घेत नाही. संशय नाही हो, आपलं सहज!

बरं, माझा धंदा काय? पाण्याचे मीटर तपासणं! बावीस वर्षं घरोघरी फिरून मीटरचं सील कुणी फोडलंय आणि कुणी फोडून परत बसवलंय एवढंच बघतोय. लोक मेणानं चिकटवतात, तारेला रंग देतात, एकानं तर दाढीचा साबण लावला होता! सगळे पकडले मी. मला कोण फसवणार?

आणि तरी कुठंतरी पाणी मुरत होतं. तपासणीला दोन महिने होते, म्हणून मी खोकी रोज मोजायला लागलो. पन्नास. कागद शाबूत, स्टिकर शाबूत. पण खेकडा खारीच्या डावीकडे असायचा तो उजवीकडे! पाणघोड्याचा डबा बोटभर पुढे! दोरा लावला, तर दोरा जागेवर... पण मी लावला होता तिरका आणि संध्याकाळी बघतो तर सरळ! म्हणजे कुणीतरी काढून परत लावला आणि लावताना नीट लावला! चोर एवढा टापटिपीचा? पावडर टाकली तर बोटं राहिली बाजूला, फळी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख!

मग मी एकेकाला मनात उभं केलं. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर. गळत होतं स्वयंपाकघरात आणि हा मागच्या खोलीत डोकावून म्हणतो, "छान कपाट आहे हो साहेब." कपाट छान आहे म्हणतो! कोण म्हणतं असं? वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात विचारतात, "काय मग, खोकी कशी आहेत?" माणूस माणसाची खुशाली विचारतो, खोक्यांची का विचारतो? आणि आमची ही! हिचा केस वाळवायचा ड्रायर सारखा डायनिंग टेबलावर. मी हात लावून बघितला तर गरम! हिचे केस कोरडे ठणठणीत. मी म्हटलं, "हे गरम कसं?" तर म्हणते, "तुमचं डोकं गरम झालंय, ते बघा आधी."

सासूबाईंकडे तर माझं बारीक लक्ष होतंच. एकदा जेवताना त्या आपल्याशीच पुटपुटल्या, "बिचारा पाणघोडा... शेवटी पाण्यात उतरलाच." मी घास तसाच हातात धरून म्हटलं, "कोण पाणघोडा?" तर म्हणाल्या, "भाजी वाढू का?" मी मनात म्हटलं, ही एवढ्या वयाची बाई पाणघोड्याबद्दल इतकं हळहळून बोलते, ते का? संशय नाही हो, आपलं सहज!

शेवटी भिंग आणलं. भिंगवाल्यांकडे आहे तसंच. आणि हाताशी येणाऱ्या फळ्यांवरच्या एकेका डब्याचं सील तपासलं, बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या पायांखालची वाळूच सरकली. फुटलेलं नव्हतं काही. उलट! सीलं जास्तच चांगली होती! कंपनीचं काम म्हणजे कसं, कुठं सुरकुती, कुठं बुडबुडा, कडेची शिवण वाकडी. आणि इथं एक सुरकुती नाही! कोपरे असे घट्ट बसलेले की नख शिरणार नाही! इतकं चांगलं काम कंपनी करेल कशाला? ज्या घरात मीटरचं सील नव्याकोऱ्यासारखं चमकतं ना, तिथंच मी पंचनामा करतो!

तपासणी रविवारी. शुक्रवारी मी ऑफिसला जातो म्हणून निघालो, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी दोनला गपचूप कुलूप उघडून चवड्यांवर घरात शिरलो.

टीव्हीवर पिच्चर संपून नावं सरकत होती. टेबलावर फूटपट्टी, कात्री, प्लॅस्टिकच्या कागदाचं भलं मोठं भेंडोळं. गॅसवर किटली, तिच्या वाफेवर तो चकाकता गोल स्टिकर, चिमट्यात धरलेला! आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात ड्रायर, समोर माझा खेकडा... सासूबाई! ड्रायरची गरम हवा लागली की तो सैल कागद असा आवळत जायचा, असा आवळत जायचा, की मी चोरी पकडायला आलोय हेच विसरलो. बघतच राहिलो.

मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, बूट बाहेर काढा. आत्ताच पुसलंय."

मी म्हटलं, "आई... हे... तुम्ही उघडलंत?"

"उघडायचं नाही तर आणलंत कशाला?"

"अहो, पण माझी सीलं!"

"सीलाला काय झालं?" आणि डबा माझ्या हातात दिला. "साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॅकिंगला होते मी. शेवटची आठ वर्षं सुपरवायझर. माझ्या हाताखालून परत आलेली एक वडी दाखवा मला!"

काय दाखवू? कपाळाला हात लावून खाली बसलो. म्हटलं, "किती उघडलेत?"

"एकोणपन्नास. आठवड्याला दोन-तीन. दुपारी करमत नाही मला. तुम्ही दोघं कामावर, आणि घड्याळाकडे तरी किती वेळ बघायचं? एकच राहिलाय, अगदी वरच्या फळीवरचा. हात पोचत नाही आणि स्टुलावर चढायला डॉक्टरांनी बंदी केलीय."

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "आई, खोली पाहिजे होती तर सरळ सांगायचं होतंत. असा माझा घात कशाला केलात?"

त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या! "खोली? मला कशाला खोली? टीव्ही तर हॉलमध्ये आहे!"

मग म्हणाल्या, "तुम्ही एकही पाहिला नाहीत?" मी मान हलवली. तर नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, जेवायचं राहून गेलेल्या माणसाकडे बघावं तशा. मला ते मुळीच आवडलं नाही.

आता रविवारी काय करायचं? तपासणी रद्द करावी तर आमची ही म्हणणार, "बघा, नाही ना घेतलं!" खरं सांगावं तर नाव गेलं. शेवटी मूग गिळून गप्प बसलो.

भिंगवाले आले. हातमोजे घालून आले! टेबलावर दिवा लावला, भिंग काढलं, आणि पहिला डबा उचलला. पाणघोडा. दोन मिनिटं बघितलं, चार मिनिटं बघितलं... आणि डोळे मिटून म्हणाले, "वा!" म्हटलं, "काय?" म्हणाले, "याला म्हणतात मूळ सील. हे कोपरे बघा! हल्ली अशी माणसं राहिली नाहीत हो कारखान्यांत!" मी दाराकडे बघितलं तर सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या, आणि लग्नाला उभ्या केलेल्या मुलीसारख्या लाजतायत!

खार, वा! खेकडा, वा वा! डब्यामागून डबे पास होतायत. तीस झाले, चाळीस झाले, एकोणपन्नास झाले. माझी छाती फुगतेय. आता राहिला शेवटचा, वरच्या फळीवरचा, ज्याला आजवर कुणाचं बोट लागलं नव्हतं, पन्नासांतला एकुलता एक अस्सल! मी अगदी ऐटीत पुढे केला. म्हटलं, हा बघा डोळे झाकून!

भिंगवाल्यांनी बघितलं. उलटा केला, सुलटा केला. दिवा जवळ ओढला. आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... अहो, मी लोकांच्या मीटरपाशी उभा राहून बघतो ना, तसं!

"हे घरी केलंय."

"अहो साहेब, नाही हो!"

"ही शिवण बघा, वाकडी. हा बुडबुडा. ही सुरकुती. कुठल्या गाढवानं केलंय हे?"

"साहेब, खरं सांगतो, हेच तेवढं कंपनीचं..." आणि जीभ चावली. कारण 'हेच तेवढं' म्हटलं तर बाकीच्यांचं काय? खरं बोलावं तर एकोणपन्नास जातात आणि गप्प बसावं तर हे एक जातं! आयुष्यात पहिल्यांदा एक अस्सल सील डोळ्यांदेखत खोटं ठरत होतं आणि ते खरं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक मी आणि दुसऱ्या चहा देत होत्या!

भिंगवाले हातमोजे काढत म्हणाले, "तुमचा बाकीचा संग्रह बघून हे विसरतो. तुम्हाला कुणीतरी फसवलंय. पण नियम पन्नासचा आहे. पुढच्या रविवारपर्यंत याच पिच्चरची अस्सल प्रत आणा, सही करतो." आणि जिना उतरता उतरता परत वळून म्हणाले, "माणसानं जरा संशयी असावं हो!"

मला! मला म्हणाले!

सोमवारी सकाळी ही कामावर गेली. मी ऑफिसचे कपडे घालून तयार, हातात तो डबा. सासूबाईंसमोर टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि नाक मुरडलं, "शी शी शी! हे पॅकिंग? माझ्याकडे असता तर दाराबाहेर काढला असता त्याला!"

म्हटलं, "हो आई. तेवढं फाडून नीट करून द्या."

त्यांनी कात्री घेतली, कागद फाडला, डबा उघडला, तबकडी काढली आणि चालल्या टीव्हीकडे! म्हटलं, "अहो आई, बघायचं नाहीये! साडेनऊला हजेरी आहे माझी! फक्त उघडून परत बंद करायचंय!"

तर तुम्हाला सांगतो, त्या अशा थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "न बघता परत सील करू? जावईबापू, असली फसवाफसवी मी नोकरीतसुद्धा केली नाही."

ऑफिसला फोन केला, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, बूट काढले... आणि बसलो.