कमाईचा गोठा

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका काउंटी कचेरीत घरकर्जाच्या रांगेत ट्वायला आपल्या म्हाताऱ्या बापाला पढवत होती.

“बाबा, गोठ्याचं विचारलं तर रिकामा आहे म्हणा. कमाईचा गोठा असला तर घराला सरकारी कर्ज मिळत नाही.”

“खेड्यातल्या घराला कर्ज, आणि गोठा नको?”

“गोठा चालतो. कमाई नको.”

“मग घाबरतेस कशाला? आपल्या गाईंनी कधी कमाई दिली?”

“आपलं घर परत घ्यायचंय ना? मग जास्त बोलू नका.”

“बरं बाई.”

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “गोठा वापरात आहे का?”

“नाही. गाई विकल्या, मग घरही विकलं.” म्हाताऱ्याने टोपी काढली. “पहाटे जाग मात्र अजून येते. भाड्याच्या खोलीत बूट घालून बसतो, आणि जायला गोठा नसतो.”