मंचावरचा गालिचा मी काढला

सन्माननीय अध्यक्षमहोदय, म्हणजे ज्यांनी या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या दाढा काढल्या आहेत ते आपले दातांचे डॉक्टर. त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला बसलेले पाहुणे. आपल्या बँडचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. आजचे सत्कारमूर्ती बंबकाका आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकू. माझ्या मागे वाद्यं मांडीवर घेऊन ताटकळलेले माझे सोबती. आणि समोर जमलेले सर्व रसिकहो.

आधी एक दिलगिरी. या मंचावर सत्कार-समारंभाला गालिचा असतो. तो आज नाही, त्यामुळे खुर्ची जरा सरकवली की फळ्या करकरतात. मघाशी एक पाहुणे दचकून खाली बघत होते, ते मी पाहिलं. मंच मोडणार नाही, निर्धास्त बसा. गालिचा दुपारी मी स्वतः गुंडाळून पडद्यामागे उभा केला आहे. का, ते शेवटी सांगते.

कार्यक्रमपत्रिकेवर मला पाच मिनिटं आहेत. क्रमांक पाच, 'सहकाऱ्यांच्या वतीने मनोगत'. त्यानंतर क्रमांक सहा, 'वाद्य-हस्तांतरण'. म्हणजे बंबकाका उठतील आणि आपला बॅरिटोन सॅक्सोफोन सरांच्या हातात देतील. आपण टाळ्या वाजवू. ही पत्रिका मीच लिहिली आहे, कारण मी या बँडची कार्यवाह आहे. चौदा वर्षं इथे चौथा ट्रॉम्बोन वाजवते, आणि पोटासाठी औषधांचं दुकान चालवते. अध्यक्ष मला काल फोनवर म्हणाले, "ताई, चार गोड शब्द बोला, म्हातारा माणूस खूश होईल." मी बसून चार गोड शब्द लिहिलेही. ते पर्समध्ये आहेत. तिथेच राहू देत.

बंबकाकांना बंबकाका का म्हणतात, हे नव्या लोकांसाठी सांगायला हवं. एकतीस वर्षं त्यांनी आगीचा बंब चालवला. भोंग्याच्या शेजारी बसून बसून डावा कान अर्धा गेला. अग्निशमन दलाचं स्वतःचं एक वाद्यपथक होतं, ते बंद झालं, आणि हा बॅरिटोन गोदामात फाटक्या पाइपांखाली पडून राहिला. काकांनी परवानगी काढून तो घरी आणला. महिनाभर तो काकूंच्या ओट्यावर सुटा करून पसरलेला होता. पोचे ठोकून काढले, झडपांना नवं चामडं बसवलं. काकू म्हणाल्या होत्या, "आता एक तर याला घरात ठेवा, नाहीतर मला." काका म्हणाले, "तुझा आवाज जास्त मोठा आहे, पण याला जास्त जागा लागते." काकू हसताहेत, म्हणजे खरं आहे.

मग काका आणि आणखी पाच जणांनी या शाळेच्या पहिल्या मजल्यावरचा चित्रकलेचा वर्ग मागून घेतला आणि हा बँड सुरू केला. नियम एकच होता. वाद्य घेऊन मंगळवारी सात वाजता यायचं. वाजवता येतं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. त्या नियमाने इथे इलेक्ट्रिशियन आला, नर्स आली, गणिताचे दोन मास्तर आले, बाहीला मैदा लागलेला बेकरीवाला आला. आज सतरा जण आहोत. आमच्यात एकही असा नाही, ज्याला पहिल्या दिवशी येत होतं.

मीही तशीच आले. भाऊ परदेशी गेला आणि ट्रॉम्बोन माझ्या गळ्यात मारून गेला. पहिल्या मंगळवारी मी फुंकला, आणि जो आवाज निघाला त्याला आवाज म्हणणंही जास्त होईल. सगळा वर्ग हसला. पुढच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या एका रुंद पाठीच्या माणसाने वळून माझ्याकडे पाहिलं. "निघाला ना आवाज? झालं तर मग. बाकीचं पुढच्या मंगळवारी."

अध्यक्षमहोदय, आपण मला घड्याळ दाखवताय. घड्याळाचा विषय येतोच आहे, थोडं थांबा.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. बिग बँडमध्ये सॅक्सोफोन पुढच्या रांगेत, ट्रॉम्बोन त्यांच्या मागे, ट्रम्पेट सगळ्यांच्या मागे. बॅरिटोन पुढच्या रांगेच्या टोकाला. चौथा ट्रॉम्बोन बरोब्बर त्याच्या पाठीमागे. म्हणजे चौदा वर्षं मी या माणसाची पाठ बघते आहे. आमची दोघांची वाद्यं जाड आवाजाची, त्यामुळे पुष्कळदा आम्हाला बराच वेळ गप्प बसायचं असतं आणि मग एकदम एकत्र सुरू करायचं असतं. गप्प बसायचं ते बार मोजून. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा. मागच्या रांगेतल्यांनी हसू नये, हा तो बार नव्हे.

काका मोजतात ते टाचेने. दलातले कडक तळव्याचे बूट अजून घालतात. प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्याला टाच खाली. ठक्. वर्गाच्या लाकडी जमिनीतून, मंचाच्या फळीतून ते माझ्या पायाला कळतं. चौदा वर्षांत ती टाच चुकलेली मी पाहिली नाही.

आणि आता एप्रिलचं. मोठ्या महोत्सवाची निवडफेरी. दुसऱ्या शहरातलं भलंथोरलं सभागृह, आणि मंचावर घोट्यापर्यंत पाय रुतेल असा निळा गालिचा. तिथे वाजवलेल्या संथ रचनेत आम्हा दोघांना अकरा बार शांतता आहे आणि बाराव्याला एकत्र सुरुवात. काय झालं, ते परीक्षकांच्या कागदावर लिहिलं आहे : 'बॅरिटोन एक बार आधी आला.' त्या एका बारमुळे म्हणे निवड हुकली.

मग आपली समिती बसली. सरांनी ते ध्वनिमुद्रण आठ वेळा लावून ऐकलं. आठ वेळा! बंबकाकांना एकदाही विचारलं नाही. कुणी म्हणालं, वय चौऱ्याहत्तर. कुणी म्हणालं, कान. कुणी म्हणालं, आता दर्जाचा विचार करायला हवा. दर्जा! जो वर्ग या माणसाने झाडून आपल्यासाठी उघडला, त्यात बसून आपण त्याचा दर्जा काढला. आणि मग एक फार सुंदर शब्द सापडला. 'सन्मानाने निवृत्ती.' माणसाला घालवायचं असलं की आपण त्याला सत्कारमूर्ती करतो, नाही का? हाकलून दिलं तर तो निदान भांडू तरी शकतो. गुच्छ हातात दिल्यावर भांडणार कसा?

हे त्याला सांगायला त्याच्या घरी कोण गेलं? कुणीही नाही. बंबकाकांना स्वतःचा निरोप समारंभ आहे हे टपालाने आलेल्या छापील निमंत्रणावरून कळलं. 'आपण सहकुटुंब उपस्थित राहावे.' स्वतःच्याच निरोपाला! आणि मघाशी क्रमांक चारला भेट काय दिली, ती पाहिलीत सगळ्यांनी. भिंतीवरचं घड्याळ. ज्याला ठोके चुकतात म्हणून काढलं, त्याला घड्याळ! ही निवड झाली तेव्हा समितीत कुणालाही काही वाटलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

सर, मान खाली घालू नका. मी फक्त तुमच्यावर चिडलेले नाही.

आपल्या बँडच्या घटनेप्रमाणे संस्थापक सदस्याला निवृत्त करायचं तर ठराव सर्वानुमते लागतो. समितीत सात जण. एक हात खाली राहिला असता तरी ठराव पडला असता. सातही हात वर गेले. सातवा हात कार्यवाहांचा. सभेच्या वृत्तांतात 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द कार्यवाहांच्या अक्षरात आहेत. आणि त्या निमंत्रणाचा मजकूरही कार्यवाहांचाच.

हो, माझाच.

आणि आता जे सात आठवडे पोटात ठेवलं, ते ऐका. त्या दिवशी बॅरिटोन आधी आला नाही. मी आले.

गालिच्यावर टाच ऐकू येईना. पायाला काही कळेना. तेव्हा मला समजलं की चौदा वर्षांत मी एकदाही स्वतः मोजलेलं नाही. दिवसभर दुकानात गोळ्या मोजणारी मी बाई! मी घाबरले, अंदाज बांधला आणि एक बार आधी फुंकला. एकटीने. हजार माणसांसमोर, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत. पुढचा ठोका पडायच्या आत समोरची ती रुंद पाठ ताठ झाली आणि बॅरिटोन माझ्या आवाजावर येऊन बसला, घोंगडी टाकावी तसा. काकांना बरोबर माहीत होतं की हा अकरावा बार आहे. तरीही ते आले. बाकीचे पंधरा जण त्यांच्या मागोमाग वळले, आणि रचना सावरली. ध्वनिमुद्रणात माझा ट्रॉम्बोन ऐकूच येत नाही. आठ वेळा लावा, ऐंशी वेळा लावा. झाकलं ते असं झाकलं.

माझ्या शेजारच्या इलेक्ट्रिशियनला हे माहीत होतं. तो आत्ता बुटांच्या नाड्या बघतोय. वर बघ रे, तू गप्प राहिलास ते माझ्यासाठी. मी गप्प राहिले ते कुणासाठी?

त्या दिवशी मंचामागे मी काकांना गाठलं. म्हटलं, "काका, ती चूक..." मला पुढे बोलू दिलं नाही. "कसली चूक? मला ऐकू येत नाही, ठाऊक आहे ना तुला?" आणि वाद्य पेटीत ठेवायला लागले. मला वाटलं, एक शेरा आहे, चार दिवसांत विसरतील लोक. मग समिती बसली. तिथे मला वाटलं, कुणीतरी दुसरा विरोध करेल. सातही जणांना तेच वाटलं असेल कदाचित. मी मूग गिळून बसले आणि हात वर केला. म्हणून सांगते, आज या मंचावर सगळ्यात जास्त राग मला माझाच आहे.

निमंत्रणं गेल्यानंतरच्या आठवड्यात काकू दुकानात आल्या, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. मी म्हटलं, "काका कसे आहेत?" काकू म्हणाल्या, "बरे आहेत. मंगळवारी साडेसहाला बूट घालून बसतात. सात वाजले की काढतात." एवढंच बोलल्या आणि पिशवी पुढे केली. मी गोळ्या मोजल्या. तीस. पुन्हा मोजल्या, तीस म्हणजे तीसच. औषधात मी कधी चुकत नाही. मग तिकडे का चुकले? कारण तिकडे माझ्यासाठी मोजणारं माणूस समोर बसलेलं होतं, आणि मी ते गृहीत धरलं होतं.

अध्यक्षमहोदय, उठू नका, मी संपवतेच आहे. तो वृत्तांत अजून कायम झालेला नाही. पुढच्या सभेत कायम होईपर्यंत त्यात दुरुस्ती मांडता येते, हे तुम्हीच मला शिकवलंत. तर दुरुस्ती अशी : कार्यवाहांनी खोट्याच्या आधारावर मत दिलं होतं, ते मत सर्वांसमक्ष मागे घेत आहेत. 'सर्वानुमते' हा शब्द खोडावा. ठराव उरत नाही. निवृत्ती उरत नाही. कार्यक्रमपत्रिकेवरचा क्रमांक सहाही उरत नाही. कुणाला खुर्ची सोडायला लावायचीच असेल, तर चौथ्या ट्रॉम्बोनची आहे. पुढच्या सभेत खुशाल ठराव आणा. या वेळी वृत्तांत दुसऱ्या कुणीतरी लिहावा.

आभाराचं माझ्याकडे आहे, तेवढं उरकते. पाहुण्यांचे आभार, त्यांना गोड कार्यक्रमाला बोलावलं आणि हे ऐकावं लागलं. शाळेच्या शिपाईमामांचे आभार. गालिचा कशाला काढताय हे न विचारता त्यांनी दुसरं टोक धरलं. काकूंचे आभार, इतकी वर्षं काकांना मंगळवारी सोडल्याबद्दल.

शेवटी, बोलण्यात काही चुकलं असल्यास सभागृहाने उदार मनाने क्षमा करावी, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण बोलण्यात मी आज काहीही चुकलेले नाही, तेव्हा सभागृहाकडे क्षमा मागत नाही. मी चुकले ती अकराव्या बारला, आणि त्याहून जास्त चुकले ती हात वर करताना. त्याची क्षमा मला एकाच माणसाकडे मागायची आहे. काका, माझं चुकलं. मला माफ करा.

मान हलवून नाही म्हणू नका, काका. आज तुम्हाला ऐकू येतंय, मला माहीत आहे.

आता गालिच्याचं. सर, हातात काठी घ्या, तीच संथ रचना आम्ही आत्ता वाजवणार आहोत. काका, त्या पाहुण्यांच्या खुर्चीतून उठा. तुमची खुर्ची माझ्या खुर्चीसमोर आहे तिथेच आहे. खाली नुसती फळी आहे. टाच नेहमीसारखी आपटा, समितीला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू दे तुम्ही कसे मोजता ते. अकरा बार. पण आज मी माझं मोजणार आहे.

आणि या वेळी चुकले, काका, तर मला झाकू नका.