लांब होडीचा परवाना

...आणि वर मलाच विचारतात, "झाकण कुठाय?" झाकण! होडीला झाकण! आता तुम्हीच सांगा, होडीला झाकण लावलं तर माणूस बसणार कुठे? पण त्यांचीही चूक नाही हो. होडी काळी कुळकुळीत, मधून एक पांढरा पट्टा, कारण नंजनगूडच्या ज्या कारखान्यात मी ती करून घेतली तिथे गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या करतात, आणि त्यांच्याकडे तो एकच रंग होता. मी चित्र काढून दिलं, मापं दिली. लांब, निमुळती, दोन्ही टोकं वर वळलेली, कॅनडात असते तशी कनू. मालक कन्नडात "हौदा?" म्हणाला, म्हणजे "असं का?", आणि मग "आयतु, करतो." आणि केली की त्याने! झकास केली! फक्त म्हैसूरला, मंडी मोहल्ल्यात आमच्या दारासमोर ती उपडी ठेवल्यापासून जाणारा-येणारा थांबतो, टिचकी मारतो आणि विचारतो, "किती लिटरची?"

बरं, होडीचं सोडा. होडी झाली. रडगाणं परवान्याचं आहे. आणि चुकलं काय माझं? मी आपलं रीतसर विचारलं, एवढंच!

तुम्हाला सांगते, मी कितीतरी वर्षं बाहेर होते. आधी डेहराडूनला शाळा, मग थेट कॅनडा. तिथे उत्तरेला तळीच तळी आहेत, रस्ता नाही, गाव नाही, होडी पाण्यात घालायची, तळं संपलं की तीच होडी डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं... आणि या सगळ्याला परवाना! कोणत्या दिवशी कुठल्या तळ्यावर, किती माणसं, काचेच्या बाटल्या न्यायच्या नाहीत, लहान मासा सोडून द्यायचा, खाण्याची पिशवी अस्वलाला मिळू नये म्हणून झाडाला टांगायची. पहिल्यांदा ते नियम वाचले ना, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हसू नका! एवढं अफाट रान, आणि कोणीतरी बसून विचार केलाय की आज या पाण्यावर चारच माणसं असू देत, म्हणजे पाण्यालाही जरा निवांत वाटेल... तेव्हाच ठरवलं, परत जायचं, म्हैसूरला हे करायचं, आणि पहिल्यांदा अप्पांना न्यायचं.

अप्पा म्हणजे माझे वडील, शंभूराव. आमचं घराणं जुनं, कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात होतो म्हणे. आता घोडा नाही, अप्पांची स्कूटर आहे. लहानपणी अप्पा नदीवर गळ टाकून बसायचे. मग नोकरी आली, मग मी आले, मग माझी फी आली, आणि अप्पा पाण्याकडे फिरकलेच नाहीत. आता मी परत आले, तर रोज सकाळी कॉफीबरोबर एकच प्रश्न, "परत कधी जाणार गं?" अहो, मी राहायला आलेय! पटतच नाही त्यांना! माझ्या दोन सुटकेसेस अजून कपाटावर चढवलेल्या नाहीत, कशाला, "पुन्हा काढाव्याच लागतील ना!" म्हटलं, घरात बोलून उपयोग नाही. यांना होडीत बसवते, पाण्याच्या मधोमध नेते आणि तिथे सांगते, अप्पा, मी इथेच राहणार. ऐकावंच लागेल. जातील कुठे?

जागाही शोधली. नंजनगूडच्या पुढे एक धरण आहे, त्याचं मागचं पाणी. नाव सांगणार नाही. गळ टाकणारा माणूस जागा सांगतो का कधी? पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा बंदी असते, म्हणून बंदीच्या आधीचा शेवटचा रविवार धरला. तो गेला की पाऊस सरेपर्यंत बसा! अप्पांना सांगितलं, परवाना काढते. अप्पा म्हणाले, "परवाना? मासा पकडायला? मग माशालाही लागतं का लायसन, पकडवून घ्यायला?"

"अप्पा, रीतसर जायचं."

"अगं, सुम्ने जायचं असतं, सहज! सगळे असंच जातात!"

आता मी तशी नाही, त्याला काय करू? गेले हपिसात. रीतसर विचारायला! पहिल्या खात्याने सांगितलं, पाणी आमचं, मासे आमचे नाहीत. दुसऱ्या खात्याने सांगितलं, मासे आमचे, काठावरची झाडं आमची नाहीत. तिसरं खातं म्हणालं, झाडं आमची, पण तुम्ही झाडावर बसणार आहात का? नाही ना? मग इथे कशाला आलात? मी पुन्हा माशांच्या खात्यात. तिथे राघवेंद्र सर. भला माणूस, कपाळाला गंध, टेबलावर सुबक फायली. ते कन्नडात बोलले, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. म्हणाले, "मेडम, लोक न विचारता जातात, तेव्हा आम्ही बघत नाही. तुम्ही विचारलंत. आता आम्हाला बघावं लागणार."

"मग बघा ना, सर!"

"बघायला नियम पाहिजेत. आमच्याकडे गोल होडीचे आहेत, हरिगोलूचे. तुमची लांब आहे."

आणि मग ते वाक्य बोलले, ज्याने माझा घात केला. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "तुम्ही परदेशात शिकलात. तुम्हीच लिहून आणा ना अटी. वरून मंजूर करून घेतो."

तुम्ही असता तर काय केलं असतं? दोन ओळी लिहून मोकळे झाला असता. मी? मी बसले लिहायला! असा उत्साह, असा उत्साह! लिहिलं, एका दिवशी एकच होडी. लिहिलं, होडीत दोघंच, म्हणजे पाणी शांत राहील. लिहिलं, बाटल्या नाहीत, स्पीकर नाही, मासा पकडला की पुन्हा पाण्यात. लिहिलं, अर्ज सोमवारी दहा वाजता, स्वतः हजर राहून, जो आधी येईल त्याला आधी, वशिला चालणार नाही. आणि लिहिलं, प्रत्येक होडीमागे एक प्रशिक्षित जीवरक्षक, शिटी घेऊन, पूर्ण वेळ काठावर उभा पाहिजे. काय सुरेख नियम होते हो! रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. अप्पा भात कालवत "हं, हं" करत होते, आणि शकुंतला आत्या, अप्पांची मोठी बहीण, मागच्याच गल्लीत राहते, रोज जेवायला इथेच, ती घास हातात धरून थांबली.

"मासा परत सोडायचा?"

"हो आत्या."

"मग न्यायचं कशाला त्याला वर? जग दाखवायला?"

पण राघवेंद्र सरांनी शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "मेडम, इतकी वर्षं नोकरी केली, असं कोणी लिहून आणलं नाही." वरून सहीसुद्धा आणली. आणि अटींचा कागद कन्नडात करून बाहेरच्या फलकावर लावला.

इथे, इथे सगळा घोळ झाला. त्या पाण्यावर इतकी वर्षं कोण जात होतं? कोणी नाही! दोन-चार बगळे! पण फलकावर लागलं ना, की दिवसाला एकच होडी, होडीत दोघंच... अय्यो! सगळ्या म्हैसूरला वाटलं, एवढी बंधनं आहेत म्हणजे तिथे नक्की काहीतरी असणार! मी सोमवारी बरोबर दहाला पोचले, नियम म्हणजे नियम, आणि बघते तर रांग! सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांचं मंडळ! गोकुलम भागातल्या योगवर्गांचे परदेशी विद्यार्थी, चटया घेऊन, काही तर तिथेच डोक्यावर उभे! एक नवरा-बायको लग्नाच्या वाढदिवसासाठी! आणि रांगेत सगळ्यात पुढे, स्टुलावर, मांडीवर डबा, हातात पंखा... शकुंतला आत्या!

"आत्या! तू?"

"उजाडायच्या आधीपासून बसलेय गं. शेवटचा रविवार मिळाला बघ! माझं नाव घातलं आणि शंभूचं. लहानपणी हा एकटा नदीवर पळायचा, मला न्यायचा नाही. मुलींनी यायचं नाही म्हणे. आता बघते कसा नेत नाही ते."

मी आत धावले. राघवेंद्र सरांचा चेहरा एवढासा झालेला. म्हणाले, "मेडम, मला माहीत नव्हतं त्या तुमच्याच आत्या ते. तुमच्यासाठी बदलू का? 'होडीत दोघंच' ही अट फक्त खोडायची, की तिसरं माणूस बसेल." समोर पेन होतं, हो! एक रेघ मारायची होती! आणि मी काय म्हणाले? "नाही सर. वशिला चालणार नाही, असं मीच लिहिलंय." ते उठून उभे राहिले. मला नमस्कार केला. मग हळूच म्हणाले, "पण तो जीवरक्षक... आमच्या दप्तरी सर्टिफिकेट तुमच्या एकटीचंच आहे, कॅनडाचं, अर्जाला जोडलेलं."

म्हणजे समजलं ना? मी आपलं रीतसर विचारलं, एवढंच, आणि रविवारी माझ्या होडीत, माझ्या अटींवर, माझे अप्पा आणि माझी आत्या पाण्यात... आणि मी काठावर, गळ्यात शिटी!

ऊन असं की डोकं तापलेलं. बसायचं नाही, फोन बघायचा नाही, पाण्यावरून नजर हलवायची नाही. कोणी लिहिलं हे? मी! आत्या पुढे बसलेली, नऊवारीवर नारिंगी जॅकेट, आणि अखंड बोलतेय. पाण्यावर आवाज कसा येतो तुम्हाला माहीत आहे, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "शंभू, डावीकडे! शंभू, तो बघ बगळा! शंभू, तू तेव्हा मला का नेलं नाहीस?" आणि अप्पा... अप्पा हसत होते हो. वल्हं मांडीवर ठेवून, मान मागे टाकून. मी परत आल्यापासून त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मी शिटी तोंडात धरून उभी, आणि रागावू म्हटलं तर रागावताही येईना.

आणि मासा लागला! आत्याच्या गळाला! हा एवढा, चांगला लांबलचक. होडी डुलली, मी शिटी वाजवली, अप्पा ओरडले, आत्या त्या माशाला दोन्ही हातांत धरून बसली. सोडेचना. मी काठावरून ओरडले, "आत्या! नियम!" तिने माझ्याकडे बघितलं, माशाकडे बघितलं, त्याला म्हणाली, "जा बाबा. आमच्या पोरीने लिहिलंय, तिचं ऐकावं लागतं." आणि सोडला.

मधोमध नेऊन सांगायचं होतं ते राहूनच गेलं. बंदी सुरू झाली, होडी पुन्हा दारात उपडी. पण तुम्हाला सांगते, दुसऱ्या आठवड्यापासून अप्पा सकाळी स्कूटर काढून कुठेतरी जायला लागले. केस ओले करून परत यायचे. विचारलं तर "सुम्ने." शेवटी मीच त्यांच्या मागोमाग गेले. गोकुलमला, पोहण्याच्या तलावावर! जीवरक्षकाच्या वर्गात! आजूबाजूला पंचविशीची पोरं, आणि मधे आमचे अप्पा, गुडघ्यांवर बसून श्वास द्यायच्या सरावाच्या रबरी पुतळ्याला आधी विचारतायत, "काय हो, बरं वाटतंय ना?"

मी तिथेच भिंतीआड उभी राहिले. संध्याकाळी घरी आले तर दोन्ही सुटकेसेस कपाटावर, जुन्या चादरीत बांधून. अप्पांनी स्वतः चढवलेल्या. आणि म्हणतात कसे, पेपरातून डोकं वर न काढता, "पाऊस सरल्यावरचा पहिला रविवार मिळालाय तुला. सोमवारी रांगेत उभा होतो. आता काठावर मी थांबतो, तू होडीत बस. इथेच आहेस ना तेव्हा?"

"इथेच आहे अप्पा," म्हटलं. कॉफीचा प्रश्न त्या दिवसापासून बंद, बघा.

मग जरा वेळाने लक्षात आलं. होडीत दोघंच. अप्पा काठावर. मग होडीत दुसरं कोण?

आत्याने मसाला आत्तापासूनच वाटून ठेवलाय. म्हटलं, आत्या, अगं मासा सोडायचाय! म्हणाली, "माहीत आहे गं. वास तरी दाखवू त्याला. कशातून सुटला ते कळू दे!"