टिकलीखालचा दिवा

शेलूबाजारच्या गॅरेजात स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत वैजयंती बाकड्यावर बसली होती. पलीकडे म्हातारे पुंजाजी आपल्या जुन्या जीपला टेकून उभे होते आणि मेकॅनिक संघदीप आत डोकं घालून त्यांच्याशी बोलत होता.

“काका, तेल बराबर हाय. पर इंजन गरम झालं का तेलाचं प्रेशर पडून राह्यलं. मीटर लावून पाह्यलं. बेरिंग घासले. तुमाले स्टेरिंगसमोरचा तेलाचा लाल दिवा दिसला नाई काय?”

“नाई बा.”

“दिसंल कसा? त्याच्यावर टिकली चिकटवेल हाय. कोनं लावली?”

“तुह्या काकूनं. पोहरादेवीले चाललो होतो. म्हने, चावी फिरवली का हा मेला डोये वटारते.”

“कवाची गोठ?”

“ती होती तवाची.”

“बेरिंग नवे टाकतो. पर टिकली काढा लागंल काका. उद्या दिवा लागला अन् तुमाले दिसला नाई, तं इंजन जाम होईन.”

“ते मीटर तू आत्ता लावलं ना?”

“हो. तपासाले.”

“ते काढू नोको. स्टेरिंगसमोर बसवून दे. मी त्याच्याकडे पाहून चालवत जाईन.”