सतरा नंबरची बाटली

(दुर्बिणीच्या तपासणीआधी बसायची खोली. बाबांच्या अंगात दवाखान्याचा, पाठीमागे बंद बांधायचा झगा. मुलगी प्रयोगशाळेतून थेट आलेली.)

बाबा : म्हणजे तो शहाणा असतो, पण त्याला कुणी बोलू देत नाही. माझ्यासारखाच.

मुलगी : हो, तसंच समजा. ‘आता वाढ थांबव’ असं पेशीला सांगणारा जीन. त्याचं एक अक्षरही बदललेलं नसतं. नुसत्या बारीक रासायनिक खुणा चिकटतात त्याच्यावर, आणि पेशीला तो वाचताच येत नाही. असे दोन-चार जीन गप्प झाले की गाठ मोकाट सुटते. आधी मूत्राशयाच्या अस्तरात असते, मग खाली स्नायूत उतरते.

बाबा : रंगखात्यात आम्ही कापडावर मेण लावायचो, तसं. मेणाखाली कापड तेच, पण रंग काही बसत नाही.

मुलगी : अगदी तसंच.

बाबा : बघ. आणि तुला हे शिकायला सात वर्षं लागली.

मुलगी : चेष्टा पुरे हो. मला काहीतरी सांगायचंय.

बाबा : मेण निघतं का पण?

मुलगी : औषधं आहेत. या कॅन्सरवर अजून चाचण्याच चालू आहेत. बाबा, ऐका ना.

बाबा : ऐकतोय. असला मागून उघडा झगा घालून जाणार कुठे मी?

मुलगी : मार्चमध्ये तुम्ही आमच्या प्रयोगासाठी लघवीची बाटली दिली होती. निरोगी माणसांच्या गटात.

बाबा : दिली तर! आभाराचं पत्र आलं ना. ‘निरोगी स्वयंसेवक.’ पुढे लघवी लाल दिसली तेव्हा तुझी आई डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. तेच पत्र धरलं तिच्या नाकासमोर. म्हटलं, पोरीच्या लॅबचा शिक्का आहे, तू कोण मोठी लागून गेलीस? पाच महिने चकार शब्द काढला नाही बिचारीने.

मुलगी : तुमची बाटली सतरा नंबरची होती.

बाबा : असेल.

मुलगी : त्यात तीन जीन गप्प होते.

बाबा : गप्प म्हणजे? मेण लागलेले?

मुलगी : बाकीच्या एकोणचाळीस बाटल्या स्वच्छ. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात. मला वाटलं, कुणा पेशंटची बाटली चुकून या गटात आली. शोधायला हवं होतं. मी ‘नमुना खराब’ असं लिहिलं आणि काढून टाकला. काल सरांनी नावांची यादी उघडली.

बाबा : कशाला काढलास?

मुलगी : आलेख बिघडत होता.

बाबा : मग चांगला आला?

मुलगी : फार सुरेख. बक्षीस मिळालं त्याला.

बाबा : ते हे बक्षीस होय! मी दोनदा आइस्क्रीम मागवलं होतं त्या दिवशी.

मुलगी : रागवा ना हो माझ्यावर. आठ महिने गेले, बाबा. तेव्हाच बघितलं असतं तर कदाचित अस्तरातच सापडलं असतं. आता आत काय निघेल, मला भीती वाटते.

बाबा : रागावू कोणत्या तोंडाने? रंगाचे नमुने जुळवायचो मी. चाळीस पट्ट्यांत एखादी वेगळी निघाली की साहेब यायच्या आत ती माझ्या खिशात. तीस वर्षं. तू माझ्यावरच गेलीस, दुसरं काय.

मुलगी : मी सगळं लिहून देणार आहे. आईलाही सांगणार आहे.

बाबा : काही नको. सतरा नंबर कुणाला आठवतोय? नोकरी नवी आहे तुझी. गप्प बस.

नर्स : काका, चला, तुमचा नंबर आला. फॉर्मवर एवढंच राहिलंय, सांगा. हा त्रास सुरू व्हायच्या आधी कधी लघवीची तपासणी झाली होती?

बाबा : छे, कधीच नाही.

नर्स : बरं. ‘नाही’ लिहिते.

मुलगी : थांबा, सिस्टर. झाली होती. मार्चमध्ये. मीच केली होती.