काळ्या कोपऱ्याची चिठ्ठी

"हॅलो?… हो, छापखाना… नाहीत, मालक नाहीत, काकासाहेब केडगावला गेलेत, चारला येतील… कुठून म्हणालात? बेलापूरचा ट्रंककॉल? जोडा, जोडा बाई."

गहिनीनाथांनी रिसीव्हर डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. डावा कान सकाळपासून नगरच्या गिऱ्हाइकांनी वापरून झाला होता. बेलापूरचा फोन म्हणजे थोरली बहीण मुक्ताबाई, आणि मुक्ताबाई म्हणजे तिच्या पुष्पावतीची लग्नपत्रिका. गेले अकरा दिवस बहीणभावांत दुसरा विषय नव्हता.

"हां अक्का, बोल… ओरडू नकोस, ऐकू येतंय. कुठनं बोलतीस?… पुंजारामच्या दुकानातनं? मग तर हळूच बोल, सगळं गिऱ्हाईक कान लावून बसलं असंल…

न्हाई… न्हाई झाली अजून… अगं ऐक ना… व्हय, काल म्हणलो हुतो, उद्या. परवाबी म्हणलो हुतो…

पाच मिनटाचं काम न्हाई, अक्का. बरं, छापायला अर्धा-पाऊण तास लागतो, कबूल. पण थांबायला अकरा दिवस लागतात, त्याला काय करू?

हे बघ, परत सांगतो. माणूस येतो, कागद देतो. मी चिठ्ठी लिहितो, नंबर घालतो, तारेला अडकवतो. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. तिकडं मागं भिमाजी मशीन हाणत असतो. एक काम उतरलं की तारेवरची पुढची चिठ्ठी ओढतो. त्याला गिऱ्हाईक दिसत न्हाई, गिऱ्हाइकाला तो दिसत न्हाई… मधी? मधी मी… मी काय करतो म्हंजी? दोन्हीकडच्या शिव्या खातो!"

यात अतिशयोक्ती नव्हती. एकोणीस वर्षं गहिनीनाथ त्या टेबलाशी बसत होते. गिऱ्हाइकं त्यांना मॅनेजर म्हणत आणि काकासाहेब त्यांना 'अहो' म्हणत. मशीनला त्यांनी आजवर हात लावला नव्हता, आणि तारेवरची चिठ्ठी कधी मागची पुढं केली नव्हती. ही दुसरी गोष्ट नगरात कुणाला खरी वाटत नसे, म्हणून ते सांगतही नसत.

"पुढं कोण हाय म्हंजी? पुढं टँकरचं हँडबिल हाय… अगं, एका गावात पाण्याचा टँकर आला, तर तो आणला म्हणून सत्कार. टँकर आला, रिकामा झाला, गेलाबी. हँडबिल अजून मशीनवर हाय… छापून टाकायला काय? नावांचा क्रम ठरंना! आज एक जण येतो, प्रूफावर स्वतःचं नाव वर नेतो. उद्या दुसरा येतो, त्याला खाली उतरवतो. अडतीस नावं हायेत. भिमाजी अक्षरं जुळवलेला फर्मा मशीनवर आवळून नुसता बसलाय… न्हाई उतरवता येत. काकासाहेबांचा हुकूम हाय, पुढाऱ्याचं काम हाय…

आणि ऐक, छापखान्यातले झाडून सगळे 'श्री' त्यात अडकलेत… शिशाचे खिळे गं! मोजकेच असतात. नागापूरच्या एका कारखान्याचं काम पडलंय, त्यांना म्हणलं, तुमच्या साहेबांची नावं 'श्री'शिवाय चालतील का? तर रागावून गेले. आपली पत्रिका कंपोझिटरानं आधीच जुळवून ठेवली, म्हणून तिच्यात 'श्री' हायेत तरी…

आपला नंबर? एक्केचाळीस… व्हय, त्या दिवशीबी एक्केचाळीसच हुता. लाईन हलली तर नंबर हलंल ना?… तू एकटी न्हाईस. शाळेचे परीक्षेचे पेपर हायेत. फुटू नयेत म्हणून मास्तर तीन दिवस राखण बसलेत… कशाची म्हंजी? पेपर छापायचाच हाय अजून. राखण चालू हाय."

एवढं बोलून गहिनीनाथांनी हाताने तोंड पुसलं. समोरच्या बाकावर मास्तर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते.

"मामा असून काय उपयोग?… अगं, मामा हाय म्हणूनच शेवटी. घरच्याचं काम शेवटी, काकासाहेबांचा नेमच हाय…

हो बाई, ऐकतोय. वाढवा, आणखी तीन मिनिटं वाढवा…

हां अक्का. काय म्हणाल्या विहीणबाई?… कधी?… उद्या सकाळी?… पत्रिका न्हाई म्हंजी मुलीकडच्यांच्या मनात न्हाई? असं म्हणाल्या गोजरबाई? लोकांच्या देखत?… आणि दुसरं स्थळ? राहुरीचं?… अगं, पण सुपारी फुटलीय ना!… व्हय, व्हय. उद्या देवापुढं पहिली पत्रिका ठेवायची, आणि त्या येऊन बघणार. न्हाई दिसली की…

रडू नकोस, अक्का. ऐक. तुला सांगणार नव्हतो, पण सांगतो. रिसीव्हर कानाला दाबून धर, पुंजारामला ऐकू जायला नको.

एकाच कामाला तो टँकर मशीनवरनं उतरवायची परवानगी हाय. दहाव्याच्या पत्राला… दहाव्याच्या! माणूस गेला की दहावा दिवस दहाव्या दिवशीच येतो, मयताला थांब म्हणता येत न्हाई. म्हणून ज्या चिठ्ठीचा कोपरा काळा, ती तारेवर सगळ्यांच्या पुढं. भिमाजीला अक्षर वाचता येत न्हाई, पण नंबर आणि कोपरा वाचता येतो. काळा दिसला की टँकर उतरवतो, मयत चढवतो. तर आज जेवणाच्या सुट्टीत मी आपल्या चिठ्ठीचा कोपरा…

अगं अक्का!… अगं, फोनात थुंकतीस काय!… शुभकार्याला न्हाई लावलं काळं, चिठ्ठीला लावलं! चिठ्ठी जाती टोपलीत, कोण बघतंय?… बरं, माझी जीभ झडो. झडू दे. ऐक आधी. हा आवाज ऐक."

त्यांनी रिसीव्हर मागच्या दाराकडे धरला. आत मशीन खटक-खटक चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली होती आणि ती चक्क चालत होती. गहिनीनाथांना वाटलं, एकोणीस वर्षं फुकट घालवली.

"आलं ऐकू? ती पुष्पी छापली जातीय! पाचच्या गाडीनं धाडतो, बन्सी कंडक्टर आपल्या ओळखीचा हाय. रात्री तुझ्या हातात…"

मशीन थांबलं. भिमाजी बाहेर आला. ओली पत्रिका त्याने कडांना धरली होती. टोपी काढून काखेत घेतली होती. ती तो दहाव्याच्या पत्रालाच काढत असे. पत्रिका त्याने टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, घरातलं कोण गेलं?

गहिनीनाथांनी पत्रिका पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"…हाय. हाय मी, अक्का. गेलो न्हाई.

भिमाजी, किती काढल्या?… सगळ्या? तीनशेच्या तीनशे?… न्हाई हो, कुणी न्हाई गेलं. घाला ती टोपी.

अक्का… झाल्या पत्रिका… व्हय, सगळ्या झाल्या… पेढे न्हाई! पुंजारामला म्हण, डबा ठेव खाली… अक्का, चौकट आलीय… शोभेची न्हाई. काळी. बोटभर जाड… भिमाजीकडं मयताची चौकट तयारच असती. काळा कोपरा दिसला की मजकूर आत बसवतो आणि आवळतो… व्हय, गणपती हाय ना, वरती हाय. चौकटीच्या आतच हाय तोबी…

आणि अक्का, त्या चौकटीला खाली एक शब्द कायमचा बसवलेला हाय… सांगू?… 'शोकाकुल'… त्याला लागूनच माझं नाव आलंय. शोकाकुल, मुलीचे मामा… मला म्हाईत हाय गं हसण्यासारखं न्हाई! मी कुठं हसतोय?"

पलीकडून नुसतं मुसमुसणं ऐकू येत होतं. मुसमुसण्याचीही मिनिटं मोजली जातात.

"हो बाई, वाढवा… आता सरळ अर्धा तास वाढवा… शेवटचा? बरं, शेवटचा तर शेवटचा.

अक्का, परत न्हाई छापता येणार. तू पसंत केलेला गुलाबी कागद तेवढाच हुता. आणि परत म्हंजी परत नंबर, चारला काकासाहेब येणार… शिव्या दे, पण बोल काहीतरी…

काय?… हळद? कुठं हाय हळद?… पुंजारामच्या पोत्यात, बरं, मग?… अगं, पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावतात, मला म्हाईत हाय, मी काय वेगळ्या जातीचा हाय का! पण कोपऱ्याला ठिपका देतात. चारी बाजू कोण सारवतं?…

थांब… थांब थांब. अक्का, शाई ओली हाय! अगं, सोनेरी अक्षरं आमी अशीच करतो. ओल्या शाईवर सोनेरी पूड टाकायची, फडक्यानं झटकायची. पूड चिकटती… अक्का, तू छापखान्यात पाहिजे हुतीस!

भिमाजी! शेजारी बनुबाईच्या कांडपावर जा, किलोभर हळद आणा. पळा… दहाव्याला हळद लागत न्हाई? अहो, लग्न हाय, लग्न!… मास्तर, उठा. तुमचा पेपर कुणी नेत न्हाई. हे फडकं धरा."

हळद आली. भिमाजीने टाकली, मास्तरांनी झटकली, आणि पहिली पत्रिका टेबलावर आली.

"हां, बसली… पिवळी न्हाई दिसत, काळ्यावर हिरवट दिसती… हिरवं चालंल? खरंच की, चुड्याचाच रंग हाय!… वासबी येतोय हळदीचा. गोजरबाई म्हणतील, मुलीकडच्यांनी लई मनापासनं केलंय.

पण अक्का, त्या शब्दावरबी बसली ना हळद… आता तर लांबनं वाचता येतोय… पुसत न्हाई, पसरतंय…

कापू म्हणतीस?… व्हय, कापायचं यंत्र हाय हितं. खालनं अर्धा इंच गेला तरी त्याच्या वरचा पत्ता राहतो… खालची बाजू बिनचौकटीची राहील, राहू दे… भिमाजीचे हात भरलेत हळदीनं. मीच कापतो. ठेवू नकोस फोन, धरून बस."

रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून गहिनीनाथ आत गेले. यंत्राचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि ओढला. भिमाजी आणि मास्तर हळद लावून देतील तसा गठ्ठ्यामागून गठ्ठा. गुलाबी चिंध्या पायाशी पडत गेल्या. परत आले तेव्हा धाप लागली होती.

"हॅलो, अक्का… झाल्या. सगळ्या… चांगल्या दिसतात. खरंच चांगल्या दिसतात गं. आता वाळवून गाडीला देतो…

न्हाई, काही राहिलं न्हाई खाली. ती ओळच गेली सगळी… कोणती म्हंजी? 'शोकाकुल'ची… माझं नाव?… ते त्याच ओळीत हुतं ना… अगं, असू दे. त्यात काय एवढं… तुझं हाय, दाजींचं हाय, मुलाकडच्या सगळ्यांची हायेत. बास झाली की… मामाला काय पत्रिका लागती? पोरीला मांडवात घेऊन कोण येणार हाय, पुंजाराम?… परत रडायला लागलीस? आता तरी नको…

अक्का, पुष्पीला एवढंच सांग, मामा म्हणला…

हॅलो?… हॅलो, अक्का?… बाई, अहो बाई, बोलत हुतो अजून…"